यजमान घरी आहेत का? परदेशात पक्षी-प्राणी पाहायला जाण्याआधी

गालापागोस बेटांपैकी एस्पान्योला हे अगदी दक्षिणेकडचं, खडकाळ बेट. वेव्हड अल्बाट्रॉस हा समुद्रपक्षी जवळजवळ फक्त याच बेटावर अंडी घालतो. पंख पसरले तर दोन मीटरांहून जास्त भरतील एवढा मोठा, लांब पिवळ्या चोचीचा. नर-मादी समोरासमोर उभे राहतात, चोचीवर चोच टकाटक आपटतात, मधूनच मान आभाळाकडे करून ओरडतात, झोकांड्या खात एकमेकांभोवती फिरतात. हे बघायला लोक अर्धं जग ओलांडून येतात. त्यातले काही फेब्रुवारीत येतात. बोट वेळेवर सुटते, गाइड हुशार असतो, समुद्र शांत असतो आणि बेटावर अल्बाट्रॉस नसतात. जानेवारी ते मार्च हे पक्षी इक्वेडोर आणि पेरूच्या किनाऱ्याकडच्या समुद्रावर असतात. मार्चच्या अखेरीस ते परततात आणि डिसेंबरपर्यंत बेटावर राहतात.

परदेशात वन्यजीव पाहायला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो ‘कुठे जाऊ’ हा. देश ठरतो, सुट्टी कधी मिळेल ते बघून तिकीट निघतं आणि मग कोणीतरी विचारतं, ‘या दिवसांत तिथे काय दिसतं?’ हे वरातीमागून घोडं झालं. किल्ला किंवा संग्रहालय बाराही महिने जागच्या जागी असतं. प्राण्यांचं तसं नाही. त्यांचं स्वतःचं कॅलेंडर असतं, आणि ते वाचता आलं की या प्रवासातली निम्मी गुंतागुंत सुटते.

तारीख कोण ठरवतं?

सेरेनगेटीत ती पाऊस ठरवतो. साधारण डिसेंबर ते मार्च विल्डबीस्टचे (गाईसारखी दिसणारी मोठी हरणं) लाखोंचे कळप टांझानियात, सेरेनगेटीच्या दक्षिणेकडच्या आखूड गवताच्या मैदानांवर असतात. तिथली माती जुन्या ज्वालामुखींच्या राखेची आहे. तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, आणि दूध पाजणाऱ्या मादीला नेमकं तेच हवं असतं. मग सगळे कायम तिथेच का राहत नाहीत? कारण पाऊस थांबला की ती मैदानं सुकतात, प्यायला पाणी उरत नाही. म्हणून कळप पाण्याच्या आणि गवताच्या मागे उत्तरेकडे सरकतात आणि जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान मारा नदीच्या आसपास पोचतात. मगरींनी भरलेली नदी ओलांडणारे कळप टीव्हीवर दिसतात ते तिथले.

नदी ओलांडण्याचं ते दृश्य सगळ्यांनाच हवं असतं. पण ते कधी घडेल याचा नेम नाही. हजारो जनावरं काठावर येऊन तासन् तास उभी राहतात, धूळ उडते, पुढची जनावरं पाण्याला तोंड लावतात आणि अख्खा कळप काही कारण नसताना मागे फिरतो. काठावर जीपगाड्यांची रांग लागलेली असते. मला विचाराल तर फेब्रुवारी अधिक चांगला. त्या सुमारास दोन-तीन आठवड्यांत बहुतेक वासरं जन्माला येतात. जन्मल्यावर काही मिनिटांतच वासरू उभं राहतं आणि आईमागे धावू लागतं. सगळ्यांनी एकाच वेळी विण्यामागे एक हिशेब आहे. तरस आणि सिंह खाऊन खाऊन किती खाणार? वासरं वर्षभर थोडी थोडी जन्मली असती, तर त्यातली फारच थोडी वाचली असती. एकदम एवढी आली की शिकाऱ्यांचं पोट भरतं आणि बाकीची तरून जातात. शिवाय या दृश्यासाठी एका ठरावीक वळणावर ताटकळावं लागत नाही, ते मैदानभर चालू असतं.

कॅनडातल्या चर्चिल गावात तारीख बर्फ ठरवतो. ध्रुवीय अस्वलं सील पकडतात ती समुद्राच्या बर्फावर. उन्हाळ्यात हडसन उपसागराचा बर्फ वितळला की त्यांना जमिनीवर यावं लागतं, आणि तिथे ती जवळजवळ उपाशी असतात. चर्चिलपाशी नदीचं गोडं पाणी उपसागरात मिसळतं. कमी खारट पाणी लवकर गोठतं, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात अस्वलं या किनाऱ्यावर येऊन बर्फाची वाट बघतात. पाहणाऱ्यांचा हंगाम म्हणजे अस्वलांचा हा ताटकळण्याचा काळ. एकदा नीट बर्फ धरला की काही दिवसांत ती निघून जातात. बर्फ धरायला उशीर झाला तर पाहुण्यांचं फावतं आणि अस्वलांचे उपासाचे दिवस वाढतात. हवामानबदलामुळे हे दिवस वाढतच चालले आहेत. तिथे उभं राहून ‘किती छान दिसली’ म्हणताना हे विसरता येत नाही.

शिकारी पक्ष्यांच्या स्थलांतरात तारखेइतकाच महत्त्वाचा असतो जमिनीचा आकार. गरुड, बाज, घारी पंख फडफडवत लांब जात नाहीत, परवडत नाही. ऊन लागून तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढते, तिच्यात गोल गोल फिरत ते उंची गाठतात आणि मग पुढच्या चढत्या हवेपर्यंत तरंगत उतरतात. समुद्रावर अशी हवा फारशी चढत नाही, म्हणून हे पक्षी मोठा समुद्र टाळतात. आता नकाशा घेऊन जॉर्जियातलं बातुमी शोधा. एका बाजूला काळा समुद्र, दुसऱ्या बाजूला कॉकेशसचे डोंगर, मध्ये चिंचोळी पट्टी. रशियाच्या विस्तीर्ण भागातून दक्षिणेला निघालेले पक्षी नरसाळ्यातून ओतल्यासारखे या पट्टीत येतात. एका शरद ऋतूत दहा लाखांहून जास्त. मेक्सिकोत वेराक्रुझला आखात आणि डोंगररांग यांच्यामध्ये हेच घडतं आणि तिथला आकडा 40 लाखांच्या वर जातो.

पण हे सगळे पक्षी एकदम येत नाहीत. बातुमीला ऑगस्टच्या अखेरीस आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला मधुबाजांचा लोंढा असतो, स्टेप बझर्ड त्यांच्यानंतर येतात. ‘शरद ऋतूत जा’ या सल्ल्याला म्हणूनच अर्थ नाही. कोणत्या पक्ष्यासाठी जाताय ते कळलं की आठवडा सांगता येतो. त्या आठवड्यातही डोंगरात पाऊस पडत असेल तर पक्षी मागे अडकून पडतात, दिवसभर आभाळ रिकामं राहतं, आणि ऊन पडलं की तुंबलेलं सगळं एकदम सुटतं. तीन दिवसांसाठी गेलेला माणूस नशिबावर असतो, आठ दिवसांसाठी गेलेला बराचसा निर्धास्त.

अमेरिकेत टेक्ससच्या किनाऱ्यावर हाय आयलंड नावाचं छोटं गाव आहे. तिथे एप्रिलच्या उत्तरार्धात पक्षीनिरीक्षक चक्क खराब हवेची वाट बघतात. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत हिवाळा काढलेले इवलेसे वॉर्बलर पक्षी मेक्सिकोतल्या युकातानच्या किनाऱ्यावरून संध्याकाळी निघतात आणि मेक्सिकोचं आखात एका दमात, रात्रभर आणि दुसऱ्या दिवशीही उडत ओलांडतात. पाठीमागून वारा असेल तर ते किनाऱ्यावर थांबतसुद्धा नाहीत, आत कुठेतरी दूर जाऊन उतरतात. समोरून उत्तरेचा वारा आणि पाऊस आला, तर दमलेले पक्षी दिसेल त्या पहिल्या झाडावर अक्षरशः कोसळतात. एकाच ओकच्या झाडावर पंधरा-वीस जातींचे रंगीत वॉर्बलर, तेही डोळ्यांच्या उंचीवर. पाहणाऱ्यांना ही दिवाळी, पण कितीतरी पक्षी त्या दिवशी किनाऱ्यापर्यंत पोचलेलेच नसतात.

आणि ख्रिसमस बेटावर तर तारीख चंद्र ठरवतो. हिंदी महासागरातल्या या ऑस्ट्रेलियाच्या बेटावर कोट्यवधी लाल खेकडे रानात बिळं करून राहतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास पहिला चांगला पाऊस पडला की ते समुद्राकडे निघतात. रस्ते लाल होतात, काही रस्ते बंद ठेवावे लागतात. नर पुढे जाऊन किनाऱ्यालगत बिळं खणतात, माद्या मागून येतात आणि अंडी पोटाशी धरून जवळपास दोन आठवडे बिळात बसतात. अंडी समुद्रात सोडायची ती मात्र वद्य पक्षात, अष्टमीच्या आसपास, पहाटेच्या अंधारात, भरती ओसरायला लागते तेव्हाच. म्हणजे पाऊस कधी पडला यावर महिना ठरतो आणि चंद्रावर दिवस. पाऊस लांबला तर सगळा कार्यक्रम पुढच्या महिन्याच्या त्याच तिथीवर जातो. कडक तारखांचं तिकीट काढलेल्या माणसाने तिथे काय करावं? तारखा बदलता येतील असं तिकीट काढावं, दुसरा इलाज नाही.

जिथे गर्दी जमतच नाही

आतापर्यंतची उदाहरणं त्यातल्या त्यात सोपी होती. एक प्राणी, एक जागा, एक आठवडा. विषुववृत्ताजवळच्या जंगलांत गणित वेगळं आहे, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांची सर्वांत मोठी निराशा तिथेच होते.

जगात पक्ष्यांच्या 11,000 च्या वर जाती आहेत. त्यातल्या 1,900 हून जास्त एकट्या कोलंबियात आढळतात, इतर कोणत्याही देशापेक्षा जास्त. हा आकडा वाचून माणूस जातो, जंगलात शिरतो आणि पहिल्या तासात त्याला दिसतात हिरवी पानं. कारण जाती पुष्कळ असल्या तरी प्रत्येक जातीचे पक्षी विरळ विखुरलेले असतात. एखाद्या थंड देशातल्या दलदलीत एकाच जातीची दहा हजार बदकं दिसतील. इथे एका टेकडीवर शंभर जाती असतील आणि बहुतेकांच्या दोन-चार जोड्याच.

या विविधतेचं मोठं कारण म्हणजे अँडीज पर्वत. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. तापमान बदललं की झाडं बदलतात, झाडांबरोबर किडे आणि किड्यांबरोबर पक्षी. बऱ्याच जाती उंचीच्या एका अरुंद पट्ट्यातच राहतात, वरही जात नाहीत आणि खालीही उतरत नाहीत. पेरूत मानू राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने एक रस्ता सुमारे साडेतीन हजार मीटरवरून पायथ्याशी असलेल्या अॅमेझॉनच्या जंगलापर्यंत उतरतो. गाडीने तो एका दिवसात संपतो. पक्षी पाहणाऱ्यांना त्याला आठवडा लागतो आणि तरी अपुरा वाटतो, कारण दर दोन-तीनशे मीटर उतरल्यावर यादीच बदललेली असते. अशा प्रवासाची आखणी किलोमीटरने करू नका, उंचीने करा. एका उंचीवर दोन मुक्काम आणि मग खाली.

जंगल रिकामं वाटण्याचं आणखी एक कारण आहे. इथले बरेच छोटे पक्षी मिश्र थव्यांनी फिरतात. टॅनेजर, फ्लायकॅचर, सुतार, असे वेगवेगळ्या जातींचे तीस-चाळीस पक्षी एकत्र चरत रान धुंडाळतात. जास्त डोळे म्हणजे ससाणा लवकर दिसणार, आणि एकाने उठवलेला किडा दुसऱ्याला मिळणार. तुम्ही तासभर चालता, काही नाही. मग अचानक डोक्यावरचं झाड जिवंत होतं, दहा मिनिटं कुठे बघू आणि कुठे नको असं होतं, आणि पुन्हा शांतता. नवखा माणूस त्या दहा मिनिटांत पुस्तक उघडतो. पुस्तक मिटून ठेवा, नुसतं बघा, रंग आणि चोच लक्षात ठेवा, नाव नंतर शोधता येतं.

जमिनीवर असाच प्रकार सैनिक मुंग्यांमुळे घडतो. मुंग्यांची फौज पाचोळ्यातून निघाली की झुरळं, कोळी, नाकतोडे जीव घेऊन पळत सुटतात. मुंग्यांमागे फिरणारे काही पक्षी मुंग्यांना हात लावत नाहीत, पळणाऱ्या किड्यांवर डल्ला मारतात. एरवी दिसायला महाकठीण असलेले अँटबर्ड अशा फौजेपुढे हाताच्या अंतरावर येतात. फौज सापडली की गाइड सगळा कार्यक्रम गुंडाळून तिथेच थांबतो, आणि त्याने तसं केलं तर घड्याळ दाखवू नका.

एका बाबतीत मात्र इथेही वेळ मिनिटांपर्यंत पक्की असते. काही जातींचे नर ठरलेल्या जागी रोज जमून माद्यांसमोर नाचतात. अशा जागेला लेक म्हणतात (मराठीतल्या लेकीशी त्याचा संबंध नाही, जरी तिथे जमलेले सगळे वरच असले तरी). कॉक-ऑफ-द-रॉक या पक्ष्याचे केशरी-लाल नर पहाटे उजेड फुटताना जमतात, कलकलाट करतात, आणि उजेड वाढला की पांगतात. पहाटे साडेतीनला उठायला सांगणारा गाइड तुमचा शत्रू नव्हे.

आहे, पण नाही

मादागास्करवर शंभराहून जास्त पक्षी असे आहेत जे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. ते स्थलांतर करत नाहीत, बेट सोडून जायला त्यांना जागाच नाही. मग कधीही जावं? तसंही नाही. तिथल्या ग्राउंड रोलरसारखे पक्षी दाट झाडीत, जमिनीवर, गुपचूप वावरतात. सापडतात ते आवाजावरून, आणि आवाज देतात ते विणीच्या हंगामात, साधारण सप्टेंबर ते डिसेंबर. इतर महिन्यांत ते तुमच्यापासून दहा पावलांवर गप्प उभे असतील आणि तुम्ही पुढे निघून जाल.

तिथलाच एक लेमूर (माकडांचा लांबचा भाऊबंद) याहून वरताण आहे. जाड शेपटीचा बुटका लेमूर कोरड्या ऋतूआधी शेपटीत चरबी साठवतो आणि झाडाच्या ढोलीत शिरून सात महिन्यांपर्यंत झोपतो. त्या काळात रात्री टॉर्च घेऊन कितीही फिरा.

म्हणून देशाची यादी बघून हुरळू नये. यादीत नाव असणं, त्या महिन्यात तो प्राणी तिथे असणं आणि तो दिसण्याजोगा असणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

थोडं गणित

मग दिसण्याची शक्यता काढायची कशी? 2002 पासून चालू असलेल्या ई-बर्ड या प्रकल्पामुळे हे काम सोपं झालं आहे. जगभरचे लोक आपापल्या फेरीत काय दिसलं त्याच्या याद्या तिथे टाकतात. कोणतीही जागा निवडली की प्रत्येक पक्ष्यापुढे वर्षाच्या आठवड्यांप्रमाणे जाड-बारीक होणारी पट्टी दिसते. पट्टी जाड असेल तर त्या आठवड्यातल्या बऱ्याच याद्यांमध्ये तो पक्षी आहे. फुकट आहे, आणि तिकीट काढण्याआधी अर्धा तास यावर घालवणं हा या प्रवासातला सर्वांत किफायतशीर अर्धा तास.

समजा एखादा पक्षी 20 टक्के याद्यांमध्ये आहे. एका फेरीत तो न दिसण्याची शक्यता 80 टक्के. पाच फेऱ्या मारल्या तर पाचही वेळा न दिसण्याची शक्यता सुमारे 33 टक्के, म्हणजे निदान एकदा दिसण्याची 67. दहा फेऱ्या मारल्या तर 89. पण पक्षी 5 टक्क्यांचा असेल, तर दहा फेऱ्यांनंतरही शक्यता जेमतेम 40 टक्के. मुक्काम दोन दिवसांचा ठेवावा की पाच, हे यावरून ठरवता येतं.

दुसरं गणित अपेक्षांचं. तुमच्या मनात दहा खास प्राणी आहेत आणि प्रत्येक दिसण्याची शक्यता 80 टक्के धरली, जी चांगलीच म्हणायची. दहाच्या दहा दिसण्याची शक्यता किती? सुमारे 11 टक्के. म्हणजे उत्तम आखलेल्या नऊ-दहा सहलींपैकी एकीतच सगळं दिसणार, बाकी प्रत्येक वेळी काहीतरी हुकणार. हा हिशेब आधी मांडला की परतीच्या विमानात गाइडच्या नावाने बोटं मोडावी लागत नाहीत.

एक सावधगिरी हवी. हे आकडे प्रत्येक फेरी स्वतंत्र आहे असं धरून काढलेत. प्रत्यक्षात फळांनी लगडलेलं झाड संपलं असेल तर पक्षी आजही नाही आणि उद्याही नाही. शिवाय याद्या टाकणाऱ्यांतले कित्येक जण त्याच पक्ष्यासाठी, नेमक्या जागी, पहाटे गेलेले असतात. नऊ वाजता नाश्ता करून निघणाऱ्याला तो आकडा लागू नाही.

कान असलेला माणूस

दाट जंगलात दुर्बिणीपेक्षा कान मोलाचे, आणि परक्या जंगलात ते तुमच्याकडे नसतात. चांगला स्थानिक गाइड दहा आवाजांच्या गोंधळातून एक वेगळा काढतो आणि तुम्हाला बरोबर त्या फांदीपर्यंत नेतो. पैसे कुठे वाचवायचे असतील तर हॉटेलवर वाचवा, यावर नको.

इक्वेडोरच्या वायव्येकडे आंखेल पास नावाच्या शेतकऱ्याची गोष्ट या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या जमिनीवरच्या जंगलात कॉक-ऑफ-द-रॉकचा लेक होता, तिथपर्यंत त्याने पायवाट काढली. त्या वाटेवर एक जायंट अँटपिटा गांडुळं टिपायला येतो असं त्याच्या लक्षात आलं. अँटपिटा म्हणजे आवाज ऐकून समाधान मानावं अशा पक्ष्यांपैकी. त्याने रोज गांडुळं टाकायला सुरुवात केली, पक्ष्याचं नाव ठेवलं मारिया, आणि हाक मारली की मारिया येऊ लागली. जगभरचे लोक तिला बघायला गेले आणि शेतीसाठी तोडलं गेलं असतं ते जंगल उभं राहिलं. आता अँडीजमध्ये ठिकठिकाणी अशी गांडुळं टाकली जातात. हे योग्य की अयोग्य यावर वाद आहे. माझं मत आंखेल पासच्या बाजूने झुकतं: गांडुळामागे जंगल टिकत असेल तर गांडूळ चालेल.

प्लेबॅकचं मात्र मला तितकं पचत नाही. पक्ष्याचाच आवाज मोबाइलवर वाजवला की हद्द राखणारा नर ‘कोण घुसला’ म्हणून धावत येतो. एकदा केलं तर फार बिघडत नाही. पण प्रसिद्ध जागी रोज चार गट येऊन तेच करत असतील, तर त्याचा दिवस नसलेल्या शत्रूशी भांडण्यात जातो, खाणं आणि पिल्लं बाजूला राहतात. बऱ्याच अभयारण्यांत प्लेबॅकला बंदी आहे. परवानगी आहे की नाही हे गाइडला आधी विचारा, तो कसं उत्तर देतो यावरून गाइडही कळतो.

नियम असे का?

रवांडा, युगांडा आणि काँगोच्या डोंगरातले पर्वतीय गोरिला पाहायला एका कुटुंबाकडे दिवसाला एकच गट नेतात, सहसा आठ जणांचा, आणि तोही एकाच तासासाठी. अंतर राखावं लागतं, मास्क लावायला सांगतात, सर्दी-खोकला असेल तर पैसे भरूनही पाठवत नाहीत. हा रुबाब नव्हे. गोरिला आपल्या इतके जवळचे नातेवाईक आहेत की आपली सर्दी त्यांना होते आणि त्यांच्यासाठी ती न्यूमोनिया ठरू शकते. 2018 च्या गणनेनंतर त्यांची जगातली संख्या 1,063 धरली गेली. एवढ्यांत एक साथ पुरेशी आहे. परवाने मोजके असल्यामुळे इथे तारीख प्राण्याआधी परवान्यावर ठरते, विमानाचं तिकीट त्यानंतर.

अंटार्क्टिकात जहाज चालवणाऱ्यांची 1991 मध्ये स्थापन झालेली आयएएटीओ ही संघटना आहे. तिच्या नियमांप्रमाणे एका जागी एका वेळी शंभरापेक्षा जास्त प्रवासी उतरत नाहीत, आणि पाचशेहून जास्त प्रवाशांचं जहाज असेल तर कोणीच उतरत नाही. जहाज निवडताना ही ओळ आधी वाचा, नाहीतर पेंग्विन डेकवरूनच बघावे लागतील. पेंग्विनपासून किमान पाच मीटर दूर राहायचं. पेंग्विनला हा नियम माहीत नसतो, तो स्वतःहून बुटाशी आला तर स्तब्ध उभं राहायचं. बर्ड फ्लू 2023 मध्ये अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या दक्षिण जॉर्जिया बेटावर पोचल्यापासून जमिनीवर बसायला, गुडघे टेकायला किंवा पिशवी ठेवायलाही मनाई असते. आणि हो, इथेही महिना महत्त्वाचा: नोव्हेंबरात अंडी, डिसेंबरअखेर ते जानेवारीत पिल्लं, फेब्रुवारी-मार्चमध्ये देवमासे जास्त आणि पेंग्विनांच्या वसाहती चिखलाने व वासाने भरलेल्या.

बुटांच्या चिखलावरून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या विमानतळांवर विचारणा होते तीही याच कारणाने. बिया, बुरशी, रोगजंतू चिखलातून फिरतात. घरूनच बूट ब्रशने घासून न्या आणि फॉर्मवर खरं लिहा. सापडलेलं सुंदर पीस खिशात घालून आणू नका. अमेरिकेत तर 1918 च्या कायद्याने बहुतेक देशी पक्ष्यांचं पीस जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे.

सामान आणि शरीर, थोडक्यात

दुर्बिणीवर 8×42 लिहिलेलं असतं. आठ म्हणजे किती पट मोठं दिसतं, 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. 42 ला 8 ने भागलं की 5.25 येतं, एवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. 10×42 मध्ये तो 4.2 होतो. म्हणजे जास्त मोठं, पण अंधुक, हात थरथरला तर जास्त हलणारं आणि कमी जागा दाखवणारं. जंगलासाठी आठ, मोकळ्या मैदानासाठी आणि समुद्रकिनाऱ्यासाठी दहा. दमट प्रदेशात एसीच्या खोलीतून दुर्बीण बाहेर काढली की भिंगांवर बाष्प धरतं आणि पहाटेची पहिली पंधरा मिनिटं वाया जातात. रात्री ती बाहेर, सुरक्षित जागी ठेवा.

आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांत पीतज्वराच्या लशीचा दाखला मागतात. लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. 2016 पासून तो दाखला आयुष्यभर चालतो. अडीच हजार मीटरच्या वर पहिले दोन दिवस चढ-उतार करू नका, पक्षी तिथे हजारो वर्षांपासून आहेत, दोन दिवस थांबतील. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. जळवा त्रासदायक असतात, धोकादायक नसतात.

तयारीबद्दल बोलायचं तर फीबी स्नेट्सिंगर यांचं नाव घ्यावंच लागतं. 1981 मध्ये त्यांना कॅन्सर असल्याचं निदान झालं, आणि त्यानंतर त्यांनी पक्ष्यांमागे जग पालथं घातलं. आठ हजारांहून जास्त जाती पाहणाऱ्या त्या पहिल्या व्यक्ती. 1999 मध्ये मादागास्करला पक्षी पाहायला गेलेल्या असताना वाहनाच्या अपघातात त्या गेल्या. त्या निघण्याआधी घरी बसून त्या प्रदेशातल्या पक्ष्यांचा कसून अभ्यास करत. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण हवे असलेल्या वीस प्राण्यांचे आवाज आणि खुणा महिनाभर आधी पाठ करता येतात. मिश्र थवा डोक्यावर आला की त्याचा उपयोग कळतो.

शेवटची एक गोष्ट आखणीची, आणि ती जवळपास सगळे उलटी करतात. सर्वांत हवा असलेला प्राणी ‘सहलीचा कळस’ म्हणून अखेरच्या दिवशी ठेवतात. त्या दिवशी पाऊस पडला की संपलं. त्याला पहिल्या दोन दिवसांत घ्या. दिसला तर पुढचे दिवस मोकळ्या मनाने जातात. नाही दिसला तर परत जायला दिवस हातात असतात, आणि गाइड रात्री फोन करून विचारू शकतो की काल तो कोणत्या झाडावर होता.